मुलांच्या चित्रकलेच्या तासाला तेलखडू की जलरंग?

सहा ते दहा वर्षांच्या मुलांना चित्रकला शिकवायची ठरली की सामानाच्या यादीपाशी गाडी अडते. तेलखडू (ऑइल पेस्टल) आणि जलरंग दोन्ही घ्यायला हात मोकळा असेल तर प्रश्नच मिटला, पण बहुतेकांना सुरुवात एकाच गोष्टीने करावी लागते. मी दोन्ही वापरून पाहिले आहेत. लहान मुलांच्या वर्गांसाठी माझा कल आता एका बाजूला आहे. तो कुठे आणि का, ते सांगतो.

मेणखडूंचा विचार मी लवकरच सोडला. ते स्वस्त आणि स्वच्छ असतात, पण कितीही दाबले तरी रंग फिकाच उठतो आणि काळ्या कागदावर तर जवळजवळ दिसतच नाही. लहान हाताला मेहनतीच्या मानाने फळ कमी मिळतं.

जलरंगांचं देणं मोठं आहे, हे आधीच मान्य करतो. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो, हे मूल पाण्यात जसं बघतं तसं दुसरीकडे कुठेच बघत नाही. ओल्या कागदावर आभाळ सोडणं, ओल्या रंगावर मिठाचे खडे टाकून उमटणारी नक्षी बघणं, कागदावर पातळ रंगाचा थेंब टाकून तो नळीने फुंकत फांद्या काढणं, हे तास मुलं विसरत नाहीत. रंग पारदर्शक असल्यामुळे कागदाचा पांढरा जपायची सवयही लागते. मोठ्या वर्गात पुढे जाऊ पाहणाऱ्या मुलाला हा पाया उपयोगी पडतो.

पण माझ्यापुरता निकाल लागला तो वाळण्यापाशी. ब्रश धुणं, सांडलेलं पाणी पुसणं, राखाडी झालेलं पाणी बदलणं, हे सगळं सवयीने जमतं. वाट बघणं मात्र सात वर्षांच्या मुलाला जमत नाही आणि ते जमावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. चेहऱ्याला पिवळा रंग लावून झाला की त्याला डोळे लगेच हवे असतात. पिवळा अजून ओला, त्यावर काळ्याचे दोन टिपके पडतात आणि बघता बघता डोळे गालांवर उतरतात. एका मुलीने हे होताना ब्रश हवेत धरून नुसतं पाहिलं, मग काही न बोलता सगळ्या चेहऱ्यावर तपकिरी रंग फिरवला आणि ‘झालं’ म्हणून कागद पुढे सरकवला. तिच्या डोक्यातलं चित्र कागदावर आलंच नव्हतं. 35-40 मिनिटांच्या तासात हे कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत घडतच राहतं. ‘थोडं थांब, वाळू दे’ हे वाक्य मी इतक्यांदा म्हणू लागलो की शिकवायचं राहूनच जायचं.

ही चिडचिड मला एवढी मोठी का वाटते, तेही सांगायला हवं. या वयाचं मूल रेषेने विचार करतं. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मुलांच्या चित्रांचे जे टप्पे मांडले, त्यात साधारण सात ते नऊ या वयात मूल माणूस, घर, झाड यांची स्वतःची ठरावीक चिन्हं तयार करतं. तळाशी जमिनीची रेघ, वर आभाळाची पट्टी, मधे गोष्ट. ब्रश हातात आला की बहुतेक मुलं आधी पेन्सिलीने गोष्ट काढतात आणि मग ती ‘भरत’ बसतात. तेलखडूत रेघ आणि रंग एकाच वेळी उमटतात. शिवाय ती रेघ खोडरबराने नीट पुसता येत नाही, याचा मला फायदाच वाटतो. पेन्सिल बाजूला ठेवून थेट पिवळ्या किंवा फिकट निळ्या खडूने सुरुवात करायला सांगा, पहिल्या पाच मिनिटांतली खाडाखोड थांबते.

हे खडू मुळात मुलांसाठीच घडले. जपानमध्ये 1919च्या सुमारास चित्रकार कानाए यामामोतो यांनी नमुन्यावरून नक्कल करण्याऐवजी मुलांना मोकळेपणाने चित्रं काढू देण्याची चळवळ उभी केली. त्याच वातावरणात 1925 मध्ये साकुरा कंपनीचे ‘क्रे-पास’ हे तेलखडू आले. सुरुवातीला त्यांचे उन्हाळी आणि हिवाळी असे वेगळे प्रकारही निघत, कारण उष्ण हवेत खडू मऊ पडतो. तो दोष आजही पूर्ण गेलेला नाही. पेटी उन्हात राहिली की काम बिघडतं.

तेलखडूंचा खरा त्रास वेगळाच आहे. त्यातलं तेल न वाळणारं असतं, त्यामुळे चित्र कधीच पूर्ण कोरडं होत नाही. एकावर एक ठेवलेली चित्रं पाठीमागून डागाळतात, बाह्या रंगतात, पांढरा खडू दोन मिनिटांत मळतो. मी प्रत्येक चित्रावर वर्तमानपत्राचा कागद घालतो आणि खडू पुसायला एक सुकं फडकं देतो. एवढ्याने निभावतं. हा त्रास चित्र पूर्ण झाल्यावर येतो, चित्राच्या मधे येऊन मुलाला अडवत नाही. माझ्या लेखी फरक इथेच पडतो.

तुमच्याकडे मोजकीच मुलं असतील, बेसिन जवळ असेल आणि घड्याळाचं बंधन नसेल, तर जलरंग घेण्यात काहीच वावगं नाही. वर्ग भरलेला असेल तर मात्र मी तेलखडूच सुचवेन. बारा रंग पुरतात. पांढरा आणि काळा थोडे जास्त घ्या, तेच आधी संपतात. पहिला तास काळ्या कागदावर घ्या. दुसऱ्यांदा फिकट रंगांवर काळ्याचा जाड थर देऊन टूथपिकने कोरायला लावा. तिसरी-चौथीत एखादी जलरंगाची पेटी वर्गात सगळ्यांत मिळून आणता आली तर पांढऱ्या खडूने चित्र काढून वरून पातळ निळा रंग फिरवायला द्या. तेलावर पाणी ठरत नाही, रेघ तेवढी उघडी पडते. कागद मात्र जरा जाड हवा, पातळ असला की ओला होऊन फुगतो.