१८५५ च्या नकाशावर रायचूरची रेल्वे! सोलापुरात झालेली फसवणूक

गड्ड्याच्या यात्रेत जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाने मला ‘१८५५ चा, हाताने रंगवलेला दख्खनचा नकाशा’ १८,००० रुपयांना विकला. तो नकली आहे. जुने नकाशे घेणाऱ्यांनी हे जरूर वाचा.

माझं आजोळ नळदुर्गकडचं, म्हणजे आमच्या घरच्या भाषेत मोगलाईतलं (निजामाच्या राज्यातलं). त्यामुळे इंग्रजी मुलूख आणि निजामाची हद्द रंगांत वेगळी दाखवणारा नकाशा मला फार दिवसांपासून हवा होता. “काका, वाड्यातल्या पेटीतला माल आहे,” म्हणत त्याने ओलं बोट तांबड्या सरहद्दीवर फिरवलं. बोटाला रंग लागला. छापील रंग असा सुटत नाही, हे खरंच. खरा डाव तिथेच होता: आधुनिक छापील प्रत घेऊन तिच्या सीमारेषांवर वरून जलरंग फिरवला होता.

घरी फ्रेम उघडून भिंगाखाली पाहिलं, तर कागदावरचे तपकिरी डागसुद्धा बारीक रंगीत ठिपक्यांचे, म्हणजे छापलेले. मागची बाजू स्वच्छ. ओलीचा खरा डाग सहसा मागेही उमटतो.

मग नकाशा नीट वाचला. नळदुर्ग निजामाच्या हिरव्या रंगात. पण १८५३ च्या तहाने तो भाग ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता, मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी तिथे कारभार पाहत होता. निजामाला तो परत मिळाला १८६० मध्ये. एवढ्यावरून मी नकली म्हटलं नसतं, कारण छापणारे नकाशा कोरलेला जुनाच तांब्याचा पत्रा पुन्हा वापरत आणि हद्दी मागे राहत. पण सोलापूरहून रायचूरला गेलेली रेल्वे? सलग रेषेत, स्टेशनांच्या नावांसकट? गाडी सोलापुरात आली १८६० मध्ये, रायचूरला १८७१ मध्ये.

फोन केला तर म्हणाला, “शोपीस म्हणूनच दिला होता.” पावतीवर फक्त ‘जुना नकाशा, १ नग’. नंतर त्याने फोन उचललाच नाही. पोलिसांत अर्ज दिलाय.

पावतीवर वर्ष आणि ‘मूळ’ की ‘प्रत’ हे लिहून घ्या. फ्रेम उघडून मागची बाजू दाखवायला नकार दिला, तर पैसे देऊ नका. त्याच्याकडे अक्कलकोट संस्थानचेही असेच नकाशे टांगलेले होते. कुणी घेतले असतील तर पैसे पाठवल्याचा पुरावा जपून ठेवा आणि तुम्हीही अर्ज द्या.