निवासमंडपाचा लाकडी संच : मापे बहुतेक चोख, अर्पणाची पाकिटे त्याहून मोलाची

निवासमंडप म्हणजे बायबलातल्या निर्गम या पुस्तकात वर्णिलेला इस्राएल लोकांचा उपासनेचा तंबू; हा संच म्हणजे त्याचा जोडायचा लहान नमुना. मूळचा एक हात म्हणजे नमुन्यात दोन सेंटिमीटर. या एका मापावर हा संच उभा आहे, आणि बनवणाऱ्याने ते बहुतेक ठिकाणी प्रामाणिकपणे सांभाळले आहे. अंगण १०० हात लांब व ५० हात रुंद, म्हणजे नमुन्यात दोन मीटर बाय एक मीटर. आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडवर ते नीट बसते आणि चारही बाजूंना हात ठेवायला जागा उरते. मिरजेत तयार होणारा हा संच सांगली-साताऱ्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी मुलांच्या शब्बाथशाळेसाठी घ्यावा का? घ्यावा. पण खोक्यातल्या माहितीपत्रकावर विसंबून जोडू नये.

फळ्या ४८ आहेत आणि त्या खऱ्या बाभळीच्या आहेत, हे सर्वांत आवडले. दक्षिणेला २०, उत्तरेला २०, पश्चिमेला ६ आणि कोपऱ्यांच्या २. प्रत्येक फळी १० हात उंच, दीड हात रुंद. इथे २० सेंमी आणि ३ सेंमी. सीनायची बाभूळ आणि माण-जतच्या माळावरची बाभूळ यांच्या जाती वेगळ्या, पण लाकूड तसेच जड आणि चिवट. मुलांच्या हातात ती फळी दिली की 'बाभळीचे लाकूड' हे शब्द वेगळे समजावावे लागत नाहीत. अडचण एवढीच की तीन मिलिमीटर जाडीची बाभूळ नीट मुरलेली नसेल तर पिळवटते. आमच्या पाहण्यातल्या संचात पाच-सहा फळ्या धनुष्यासारख्या वाकल्या होत्या. तंतुवाद्यांच्या मिरजेत लाकूड मुरवण्याची जाण असलेले कारागीर आहेत. त्यांच्याकडून लाकूड घेतले तर हा दोष सहज टळेल. तोवर खोके आले की फळ्या सपाट फरशीवर, वर वजन ठेवून, आठवडाभर सावलीत राहू द्या.

प्रत्येक फळीला खाली दोन कुसे (खुंट्या) आणि प्रत्येक कुशाला एक उथळी (तो ज्यात बसतो ती बैठक). म्हणजे ९६ उथळ्या, अधिक अंतरपटाच्या (आतल्या दोन दालनांमधल्या पडद्याच्या) चार खांबांच्या ४, एकूण १००. संचात त्या पांढऱ्या धातूच्या, एक सेंटिमीटर उंचीच्या आहेत. माहितीपत्रक म्हणते, प्लायवूडवर ठेवून चिकटवा. तसे करू नका. उथळी वर राहिली की फळी तेवढी उचलली जाते आणि पडदे जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. बकऱ्याच्या केसांचा पडदा ३० हात, मंडपाची उंची दोन्हीकडे दहा-दहा आणि आतली रुंदी दहा. हिशेब काटेकोर आहे. फळीची जाडी जेवढी, तेवढा पडदा दोन्हीकडे आधीच अपुरा पडतो. त्यात उथळीची उंची मिळवली की खालून फट दिसते. म्हणून प्लायवूड १२ मिलिमीटरचे घ्या, भोके पाडून उथळ्या आत बसवा. कुसे पावसाळ्यात फुगतात. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासून मेण चोळले की अडकत नाहीत.

फळ्यांनाही गोंद नको. मंडप उकलून, वाहून, पुन्हा उभा करण्यासाठीच होता. प्रत्येक बाजूला पाच अडसर (आडवे दांडे) असतात आणि मधला या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. तो नीट बसला की गोंदाशिवाय भिंत ताठ राहते.

मोठी चूक तळाच्या छापील कागदावर आहे. त्यावर मंडप बरोबर मध्यावर दुभागला आहे. पुढचे दालन पवित्रस्थान २० हात आणि आतले परमपवित्रस्थान १० हात, असे हवे. खात्री करायची तर पडदेच मोजा. तलम सणाच्या कापडाचे दहा पडदे, प्रत्येक २८ बाय ४ हात, पाच-पाच जोडून दोन भाग. त्यांना पन्नास-पन्नास बिरडी (फास) आणि जोडायला सोन्याचे पन्नास आकडे. पडदा दाराच्या कडेपासून टाकला की सांधा २० हातांवर, म्हणजे नमुन्यात ४० सेंटिमीटरवर येतो. अंतरपट आकड्यांखाली लावायचा आहे, म्हणून त्याचे चार खांब तिथेच. छापलेली रेघ ३० सेंटिमीटरवर आहे. ती खोडून टाका. बिरडी मात्र पुरती पन्नास दिली आहेत, ५६ सेंटिमीटरवर साधारण अकरा मिलिमीटरला एक. शिवायला किचकट, पण कमी करू नका.

वरचे, बकऱ्याच्या केसांचे म्हणून दिलेले अकरा पडदे काळ्या पॉलिस्टरचे आहेत. ते चमकतात, शोभत नाहीत. घोंगडी वापरण्याचा मोह होईल. ती लोकरीची असते आणि या मापाला फार जाड पडते. जाडसर काळे सुती कापड बरे. सहावा पडदा पुढच्या बाजूला दुमडायचा, हे माहितीपत्रकात राहून गेले आहे. कराराच्या कोशाला (परमपवित्रस्थानातल्या पेटीला) सोनेरी रंग दिला आहे, तो बोटांना लागतो. त्यावर बेगड चिकटवावी. होमवेदीला पायऱ्या दिल्या आहेत, त्या काढून टाका. निर्गमाच्या २०व्या अध्यायात वेदीवर पायऱ्यांनी चढू नका असे स्पष्ट आहे. दीपवृक्ष आणि गंगाळ यांची लांबी-रुंदी बायबलात नाही, तेव्हा तिथे बनवणाऱ्याला दोष नाही.

आता पाकिटे. संचासोबत छापील अर्पण-पाकिटे येतात, प्रत्येकावर एका भागाचे चित्र : फळी, खांब, पडदा, दिवा. मंडळीतल्या प्रत्येकाने आपल्या मनाला येईल ते पाकीट उचलायचे आणि त्यात आपल्या खुशीने काही घालायचे. कल्पना अत्यंत सुंदर आहे. ज्याच्या अंतःकरणाला स्फूर्ती झाली तो घेऊन आला, ३५व्या अध्यायात हेच पुन्हा पुन्हा येते. सोने आणणारेही तिथे आहेत आणि बकऱ्याचे केस कातणाऱ्या स्त्रियाही. रक्कम छापलेली नाही, हे फार चांगले केले.

फक्त उथळ्यांची पाकिटे वेगळी ठेवायला हवी होती. मूळ मंडपात उथळ्यांचे रुपे (चांदी) खुशीचे नव्हते. मोजदादीतल्या ६,०३,५५० पुरुषांनी माणशी अर्धा शेकेल (रुप्याचे एक वजन) दिला. श्रीमंताने जास्त नाही, गरिबाने कमी नाही. त्यातून १०० किक्कार (एक किक्कार म्हणजे ३,००० शेकेल) आणि १,७७५ शेकेल जमले, आणि त्या १०० किक्कारांच्याच १०० उथळ्या झाल्या. सगळा मंडप सारख्या वाट्यावर उभा होता आणि वरचे सारे मनापासून दिलेले. म्हणून त्या शंभर पाकिटांवर एकच लहान रक्कम लिहावी, अगदी दहा रुपये, आणि ती घराघरांत सारखी वाटावी. बाकीच्यांवर काहीच लिहू नये.

पाकिटाच्या मागे 'दात्याचे नाव' अशी ओळ आहे, आणि ते नाव त्या भागावर लिहावे अशी सूचना. ही ओळ काळ्या शाईने बुजवा. बसालेल आणि अहलियाब यांची नावे नोंदली आहेत ती कारागीर म्हणून. फळीवर देणाऱ्याचे नाव कोरल्याचा उल्लेख कुठेही नाही. शिवाय मुलांमध्ये 'आमची फळी, तुमची फळी' सुरू झाले की पाकिटांचा हेतूच गेला.

एक पत्रक आपणच छापून घ्यावे लागेल, ते संचात नाही : 'आता पुरे.' ३६व्या अध्यायात कारागीर लोकांचा पुढारी मोशे याला सांगतात की लोक कामाला लागते त्यापेक्षा जास्त आणत आहेत, आणि मोशे छावणीभर दवंडी पिटवून आणणे थांबवतो. संचाची किंमत ६,८०० रुपये, प्लायवूड आणि कापड वेगळे. तेवढे जमले की पुढच्या रविवारी सभेत हे पत्रक वाचावे, उरलेली पाकिटे परत घ्यावीत आणि हिशेब मंडळीच्या फलकावर लावावा. जास्त आले असेल तर ते कशासाठी ठेवायचे हे मंडळीच्या पंचायतीने पैसे हातात येण्याआधीच ठरवून जाहीर केलेले असावे.

मागणी देताना तीन गोष्टी लेखी मागा : मुरलेल्या लाकडाच्या फळ्या, तळाच्या कागदाशिवाय संच, आणि दोन-चार जादा कुसे, कारण मुलांच्या हातून ते हमखास तुटतात.