बॅकअप यंत्र, वापरानंतरचा अनुभव: त्या हिरव्या टिकमार्कवर विसंबू नका

ऑफिसच्या सर्व्हरचा दर तासाला बॅकअप घेणारं आणि रात्री क्लाउडवर दुसरी प्रत पाठवणारं यंत्र वर्षभर वापरतेय. स्पेसिफिकेशन लिहीत नाही, ती सगळीकडे मिळतात. लिहायला बसलेय कारण गेल्या महिन्यात सर्व्हर खरोखरच गेला. रेड ५ (एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचावा अशी अनेक डिस्कची जोडणी) मधली एक डिस्क बिघडली, नवी घालून रीबिल्ड, म्हणजे तिच्यावर डेटा पुन्हा भरणं, चालू असताना दुसरीनेही मान टाकली. रेड ५ एका डिस्कपुरतंच तग धरतं, त्यामुळे सगळंच गेलं.

आधी कौतुक. सर्व्हरची शेवटची इमेज, म्हणजे अख्ख्या सर्व्हरची प्रत, यंत्रावरच व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) म्हणून सुरू केली आणि काही मिनिटांत सगळ्यांचे फोल्डर जसेच्या तसे दिसू लागले, परवानग्यांसकट. वेग थोडा कमी होता, पण काम अडलं नाही. खरेदीच्या वेळी किंमत मला जड वाटली होती. त्या सकाळी पैसे वसूल झाले असं वाटलं. तेव्हाच रिव्ह्यू लिहिला असता तर पाच तारे दिले असते.

मग हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडलं. डेटाबेस ‘सस्पेक्ट’, म्हणजे बिघडल्याचा संशय, उघडायलाच तयार नाही! त्याच्या आधीची इमेज घेतली, तेच. त्याच्या आधीची, तेच. आणि या प्रत्येक बॅकअपचा ईमेल माझ्याकडे आहे, वर हिरवा टिकमार्क, खाली ‘यशस्वी’. रात्रीच्या चाचणीचा स्क्रीनशॉटसुद्धा आहे. त्यात काय दिसतं? विंडोजची लॉगिन स्क्रीन. म्हणजे मशीन बूट होतं एवढंच यंत्राने तपासलं. आतला डेटाबेस उघडतो का, हे एकदाही पाहिलं नाही.

सपोर्टशी दोन दिवस वाद झाला. त्यांचं एकच पालुपद: ‘जॉब यशस्वी आहे, बिघाड तुमच्या डेटाबेसमध्ये आहे.’ शेवटी वरच्या इंजिनिअरने लॉग पाहून खरं कारण सांगितलं. डेटा फाइल एका व्हॉल्यूमवर (डिस्कच्या एका भागावर), ट्रान्झॅक्शन लॉग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद) दुसऱ्यावर, आणि दोन्हींचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या प्रती, वेगवेगळ्या क्षणी घेतले जात होते. दोघांचा मेळ बसेना. डेटाबेसला क्षणभर थांबवून एकाच वेळी प्रत घेण्याची सोय यंत्रात आहे, पण कंपनीच्या माणसाने यंत्र बसवताना ती चालूच केली नव्हती. अखेर डेटाबेसचा स्वतःचा रात्रीचा डंप (डेटाबेसमधून फाइलमध्ये काढलेली प्रत) कामी आला. विकताना ‘फार तर एका तासाचा डेटा जाईल’ असं सांगितलं होतं, गेला अख्खा दिवस. त्या दिवसाच्या नोंदी कागदांवरून पुन्हा भराव्या लागल्या.

हा प्रश्न एका यंत्रापुरता नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा त्यांचे रोजचे डंप आधीपासूनच फसत होते आणि तसं सांगणारे ईमेलही पोहोचत नव्हते. जवळपास सहा तासांपूर्वी कुणीतरी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने त्यांना तारलं. एवढ्या जाणत्या लोकांचं असं होऊ शकतं, तर लहान धंद्याने ‘यशस्वी’ या शब्दावर झोपावं का?

आता मत थोडं बदललंय. एकाच वेळी प्रत घेण्याची ती सोय चालू केली, ट्रान्झॅक्शन लॉगचा बॅकअप दर पंधरा मिनिटांनी लावला आणि स्क्रीनशॉटच्या जागी छोटी स्क्रिप्ट (आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) बसवली. ती परत उभ्या केलेल्या मशीनवर डेटाबेस तपासते आणि शेवटच्या बिलाची तारीख ईमेलमध्ये टाकते. तेव्हापासून यंत्र उत्तम चाललंय. मग ही स्क्रिप्ट कंपनीनेच द्यायला नको होती का? ग्राहक पैसे भरतो ते डेटा परत मिळावा म्हणून!

क्लाउडच्या प्रतीबद्दल दोनच गोष्टी. १०० एमबीपीएसच्या लाइनवर दोन टीबी उतरवायला लाइन पूर्ण मोकळी असली तरी ४४ तास लागतात, शिवाय उतरवण्याचे पैसे वेगळे. कंपनी डेटा डिस्कवर भरून पाठवते का आणि किती दिवसांत, हे करारात लिहून घ्या. दुसरं, ती प्रत नक्की कुठे असते ते विचारा. १० मार्च २०२१ ला फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमधलं ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काही ग्राहकांचा मूळ डेटा आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते.

तारे तीन. नूतनीकरण करतेय, पण तीन वर्षांची सवलत सोडून एकाच वर्षाचं. दर तिमाहीला कंपनीच्या इंजिनिअरने माझ्यासमोर पूर्ण रिस्टोअर करून दाखवायचं, अशी अट लेखी मागितली आहे. सेल्सवाले ‘बघतो’ म्हणालेत. सही झाल्याशिवाय पैसे भरणार नाही.