घरचे फोटो सांभाळायला डिजीकॅम आणि डार्कटेबल: दहा महिन्यांच्या वापरानंतर

फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर निवडताना बहुतेकजण आधी विचारतात की फोटो किती छान होतो. घरच्या फोटोंसाठी त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: मी केलेलं काम हे सॉफ्टवेअर कुठे लिहून ठेवतं? फोटो चाळीस वर्षं राहतील, सॉफ्टवेअर तेवढं टिकेलच असं नाही.

पिकासा हा फोटोंचा जुना प्रोग्रॅम आठवून पाहा. गूगलने २०१६ मध्ये ते बंद केलं. त्यात केलेले बदल प्रत्येक फोल्डरमधल्या 'डॉट पिकासा डॉट आयएनआय' नावाच्या लपलेल्या फाइलमध्ये राहायचे. 'सेव्ह' दाबलं तर मूळ फोटो 'पिकासा ओरिजिनल्स' या लपलेल्या फोल्डरमध्ये जायचा. चेहऱ्यांना दिलेली नावं फोटोत लिहिण्याची सोय नंतरच्या आवृत्तीत आली, पण ती आपण चालू करावी लागायची. म्हणून आज अनेक घरांत फोटो आहेत आणि नावं नाहीत. जुन्या डिस्क चाळत असाल तर लपलेल्या फाइली आधी दिसत्या करा. मूळ, न कापलेले फोटो तिथेच सापडतात.

या एका निकषावर विंडोजच्या लॅपटॉपवर दोन मोफत प्रोग्रॅमची जोडी चालवली: फोटो लावायला, शोधायला आणि नावं द्यायला डिजीकॅम, रॉ फाइली (कॅमेऱ्याची कच्ची नोंद) धुवायला, म्हणजे त्यांतून फोटो तयार करायला, डार्कटेबल. लॅपटॉपची रॅम ८ जीबी, फोटो सुमारे चाळीस हजार. त्यात २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या रॉ फाइली, मोबाइलचे जेपीईजी, व्हॉट्सॲपवरून आलेला ढीग आणि स्कॅन केलेले जुने फोटो असं सगळं आहे.

डिजीकॅम: सुरुवातीचा अर्धा तास

इन्स्टॉल केल्यावर लगेच फोटो आत घेऊ नका. आधी सेटिंग्जमधल्या 'मेटाडेटा' (फोटोबद्दलची माहिती) पानावर जा. कॅप्शन, टॅग, तारे आणि चेहऱ्यांची नावं फाइलमध्ये लिहिण्याच्या खुणा करा. 'साइडकार'च्या पानावर ज्या फाइलींत लिहिता येत नाही फक्त त्यांच्यासाठी एक्सएमपी फाइल (फोटोची माहिती ठेवणारी वेगळी फाइल) बनवण्याचा पर्याय निवडा. मग जेपीईजीची माहिती जेपीईजीतच बसते आणि रॉ फाइलीशेजारी त्याच नावाची छोटी एक्सएमपी फाइल तयार होते. रॉ फाइलच्या आत लिहिण्याचा पर्याय बंदच ठेवा. ती तुमची निगेटिव्ह आहे.

हे न करता महिनाभर नावं देत बसलात तर सगळं काम डिजीकॅमच्या स्वतःच्या डेटाबेसमध्येच पडून राहतं. तसं झालंच असेल तर 'मेंटेनन्स'मध्ये डेटाबेसमधून फाइलींकडे माहिती लिहिण्याची सोय आहे. मात्र दिशा नीट पाहून घ्या. उलटी निवडली तर फाइलीतली रिकामी माहिती तुमच्या टॅगवर बसते.

डेटाबेस लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर ठेवा. फोटो बाहेरच्या डिस्कवर असले तरी चालतं. नेटवर्क डिस्कवर डेटाबेस ठेवला की सगळंच रांगायला लागतं आणि तो बिघडण्याचा धोकाही वाढतो.

चेहरे ओळखण्याचं काम ठीक आहे, पण ते करण्याची एक पद्धत आहे. पहिल्या वेळी ओळखीच्या मॉडेलच्या काहीशे एमबीच्या फाइली उतरवाव्या लागतात. नंतर सगळ्या संग्रहावर एकदम शोध लावू नका, वर्षावर्षाचे अल्बम घ्या. आधी फक्त चेहरे शोधू द्या. मग प्रत्येक माणसाच्या दहा-पंधरा चेहऱ्यांना हाताने नाव द्या. त्यात चष्मा असलेला, नसलेला, बाजूने दिसणारा असे वेगवेगळे घ्या. त्यानंतरच 'ओळखा' म्हणा. लहान मुलांचे चेहरे वर्षाला बदलतात आणि सख्ख्या भावंडांत गोंधळ होतो. सुचवलेलं प्रत्येक नाव हिरवी खूण करून पक्कं करावं लागतं, आणि ते काम कंटाळवाणं आहे. मांडवातल्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतले चेहरे बरेचदा सुटतात.

नावं कशी द्यायची याचा आधीच विचार करा. 'आजी', 'आत्या', 'मामी' असे टॅग करू नका. तुमची आत्या तुमच्या मुलांची आजी लागते, आणि वीस वर्षांनी हे टॅग तेच वाचणार आहेत. पूर्ण नाव लिहा. बायकांच्या नावासोबत माहेरचं आडनावही लिहा, कारण लग्नाआधीच्या फोटोंच्या पाठीवर तेच असतं.

देवनागरीत टॅग उत्तम चालतात, पण दोन खोड्या आहेत. पहिली टंकलेखनाची. 'कऱ्हाड' किंवा 'वऱ्हाड' यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, आणि 'ॲ' हे अक्षरही एकसंध किंवा अ वर चंद्र देऊन, असं दोन प्रकारे येतं. मोबाइलचा कीबोर्ड कधी एक प्रकार वापरतो, संगणकाचा दुसरा. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, पण डिजीकॅमच्या यादीत दोन टॅग होतात आणि शोधताना निम्मेच फोटो येतात. उपाय सरळ आहे: टॅग एकाच कीबोर्डवरून बनवा आणि नंतर यादीतून ओढून लावा, प्रत्येक वेळी नव्याने टाइप करू नका. दुसरी खोड फोटोत माहिती लिहिण्याच्या जुन्या आयपीटीसी पद्धतीची. त्यात एका कीवर्डला, म्हणजे टॅगला, ६४ बाइटांची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम २१ चिन्हं. लांब नाव एखाद्या प्रोग्रॅममध्ये अर्धवट कापलेलं दिसलं तर कारण हे. एक्सएमपीत ही अडचण नाही.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंत घेतल्याची तारीख नसते, ती माहिती पाठवतानाच पुसली जाते. फाइलच्या नावात मात्र वर्ष, महिना, दिवस असे आठ आकडे असतात. डिजीकॅममध्ये असे फोटो निवडून 'तारीख-वेळ बदला' उघडा आणि तारखेचा स्रोत म्हणून फाइलचं नाव निवडा. शेकडो फोटो एका फटक्यात रांगेत बसतात. लक्षात ठेवा, ती तारीख फोटो आल्याची आहे, काढल्याची नाही. मुंजीचे फोटो काकांनी तीन महिन्यांनी पाठवले असतील तर ते चुकीच्या महिन्यात जातील. यापुढे नातेवाइकांना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. मग फाइल जशीच्या तशी येते, लहान होत नाही आणि तारीखही राहते.

एकसारखे फोटो शोधण्याची सोय या प्रोग्रॅममध्ये सर्वात जास्त कामाला आली. मूळ फोटो आणि त्याचीच व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली लहान प्रत ती नेमकी पकडते. साम्याची मर्यादा ९० टक्क्यांवर ठेवा. खाली आणलीत तर एकाच ठिकाणी काढलेले वेगळे फोटोही जोडीने समोर येतात आणि घाईत भलताच पुसला जातो. पुसलेले फोटो संग्रहातल्याच एका लपलेल्या कचरापेटीत जातात. ती डिजीकॅममधून रिकामी केल्याशिवाय डिस्कवर जागा होत नाही.

डार्कटेबल: रॉ फाइल धुण्याचं काम

आधी एक गैरसमज. फोटो यादीत झकास दिसतो आणि उघडल्यावर फिका पडतो, म्हणून खूपजण पहिल्याच दिवशी हा प्रोग्रॅम काढून टाकतात. यादीत दिसतो तो कॅमेऱ्याने रॉ फाइलमध्ये ठेवलेला तयार जेपीईजी. उघडल्यावर दिसते ती कच्ची नोंद. कॅमेऱ्याने चढवलेला कॉन्ट्रास्ट आणि रंग तिच्यात नसतात, ते तुम्हाला चढवायचे असतात. जेपीईजीत प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. सावलीतला चेहरा वर काढताना हा फरक लगेच दिसतो: जेपीईजीत गालावर डाग-पट्टे उमटतात, रॉमध्ये कातडी कातडीसारखीच राहते.

मॉड्यूल, म्हणजे बदल करण्याची साधनं, भरपूर आहेत; ती पाहून घाबरू नका. घरच्या फोटोंना सहा-सात पुरतात, आणि क्रम महत्त्वाचा आहे. पहिलं 'एक्सपोजर'. इथे चेहऱ्याचा उजेड बरोबर करा. मागची खिडकी पांढरी पडली तरी आत्ता तिकडे पाहू नका. मग 'सिग्मॉइड', ते पांढरं पडलेलं आवाक्यात आणतं. मग 'कलर कॅलिब्रेशन'मध्ये उजेडाचा रंग. मग लेन्सची दुरुस्ती, फिरवणं, कापणं. कमी उजेडातल्या फोटोवरचे दाणे घालवायला 'डीनॉइझ प्रोफाइल्ड'. ते तुमच्या कॅमेऱ्याच्या मोजलेल्या नोंदीवर चालतं, म्हणून आयएसओ ३२०० च्या (कमी उजेडात कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवून काढलेल्या) फोटोवर नुसतं चालू केलं तरी बहुतेक वेळा पुरतं.

उजेडाच्या रंगाबाबत नवशिक्याची हमखास चूक होते. 'व्हाइट बॅलन्स' नावाचं जुनं मॉड्यूलही यादीत दिसतं आणि हात आपोआप तिकडे जातो. 'कलर कॅलिब्रेशन' वापरत असाल तर व्हाइट बॅलन्स 'कॅमेरा रेफरन्स'वरच ठेवा. दोन्हीकडे बदललंत तर दुरुस्ती दुप्पट होते. प्रोग्रॅम तसा इशाराही देतो, तो वाचा.

गणपतीच्या आरतीचा फोटो ही कुठल्याही सॉफ्टवेअरची खरी परीक्षा आहे. समईचा पिवळा उजेड, वर पांढरी एलईडी, मखरात रंगीत माळा, समोर झेंडू आणि कुंकू. एकाच सेटिंगमध्ये सगळे रंग बरोबर येणार नाहीत. 'कलर कॅलिब्रेशन'ची एक प्रत सगळ्या फोटोला लावा, दुसरी प्रत काढून ती समईजवळच्या भागावर मास्कने, म्हणजे तेवढाच भाग आखून, मर्यादित करा. मास्कची कड भरपूर मऊ ठेवा. आणि समईचा उजेड पूर्ण पांढरा करू नका, तो थोडा पिवळा राहिला तरच ती संध्याकाळ वाटते. झेंडूत लाल रंगाची बाजू सर्वात आधी भरून जाते आणि फुलाच्या पाकळ्या जाऊन नुसता केशरी गोळा उरतो. सिग्मॉइडमध्ये 'प्रिझर्व्ह ह्यू' शून्यावर आणलं तर केशरी पिवळ्याकडे सरकतं, शंभरवर रंग जागेवर राहतो. तरीही गोळाच दिसत असेल तर त्या फुलांपुरतं एक्सपोजर मास्कने पाऊण स्टॉप (एक स्टॉप उतरवला की उजेड निम्मा होतो) उतरवा. पाकळ्या परत दिसतात, मात्र कॅमेऱ्यातच भाग पूर्ण उडालेला नसला पाहिजे.

एक फोटो जमला की त्याच उजेडातल्या बाकीच्यांना कंट्रोल-सी, कंट्रोल-व्हीने तेच बदल लावता येतात. आरतीचे साठ फोटो असे पंधरा-वीस मिनिटांत उरकतात. त्यात कापण्याचा बदलही चिकटतो, म्हणून निवडून कॉपी करण्याचा पर्याय वापरा.

दोष आहेत. 'डिफ्यूज ऑर शार्पन' लावलं की ८ जीबीच्या लॅपटॉपवर प्रत्येक हालचालीला थांबावं लागतं. ते शेवटी लावा, किंवा लावूच नका. ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर जुना असेल तर ओपनसीएल (ग्राफिक कार्डाकडून काम करून घेण्याची सोय) चालू ठेवून प्रोग्रॅम मध्येच बंद पडू शकतो. तसं होत असेल तर ते बंद करून पाहा. चेहरा किंवा आकाश एका टिचकीत निवडण्यात ॲडोबी कंपनीचं लाइटरूम फार पुढे आहे, हे मान्य करायला हवं. रोज शंभर फोटो करणाऱ्याने तिकडे जावं. पण २०१७ पासून लाइटरूम क्लासिक वर्गणीवरच आहे. वर्गणी थांबली की फोटो पाहता आणि बाहेर काढता येतात, सुधारण्याचा विभाग बंद होतो. एक्सएमपीत आपोआप लिहिण्याचा पर्यायही मुळात बंद असतो. वापरत असाल तर कॅटलॉग सेटिंग्जमध्ये जाऊन आजच चालू करा.

दोघांना एकत्र नांदवताना

डिजीकॅम आणि डार्कटेबल दोघेही रॉ फाइलीशेजारी त्याच नावाची एक्सएमपी ठेवतात. म्हणजे एकाच वहीत दोघे लिहितात. दोन्ही एकाच वेळी उघडे ठेवू नका. आधी डिजीकॅममध्ये नावं आणि टॅग, मग डार्कटेबलमध्ये फोटो घेणं, हा क्रम ठेवा. नंतर पुन्हा टॅग बदलले तर डार्कटेबलला ते आपोआप कळत नाही. त्याच्या 'स्टोरेज' सेटिंगमध्ये सुरू होताना बदललेल्या एक्सएमपी शोधण्याची खूण करा. मग तो यादी दाखवतो आणि कोणती बाजू खरी मानायची ते विचारतो. इथे दोन्हीकडच्या वेळा पाहून उत्तर द्या. फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायचा असेल तर या दोनपैकी एका प्रोग्रॅममधूनच हलवा. विंडोजच्या एक्सप्लोररमधून फक्त रॉ फाइल उचललीत तर एक्सएमपी मागे राहते आणि केलेलं काम गेल्यासारखं वाटतं.

छपाईसाठी बाहेर काढताना एसआरजीबी प्रोफाइल (रंगांची सर्वसाधारण पद्धत) आणि जेपीईजीचा दर्जा ९२ पुरतो. ४ बाय ६ इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. मोबाइलचा आडवा फोटो बहुतेकदा चारास तीन प्रमाणात असतो, त्यामुळे स्टुडिओत वरचं-खालचं कापलं जातं. ते काप आधी स्वतः ठरवा, नाहीतर उभ्या माणसांचे पाय जातात.

कोकणातल्या दमट हवेत बुरशी धरलेल्या जुन्या फोटोंना ही जोडी पुरत नाही. ते ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून गिम्प या फोटो-दुरुस्तीच्या प्रोग्रॅममध्ये 'हील' साधनाने ठिपके काढावे लागतात. मूळ स्कॅन वेगळा टिफ (दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार) मध्ये ठेवा, दुरुस्ती प्रतीवर करा.

कुठलंही सॉफ्टवेअर पक्कं करण्याआधी वीस फोटो घ्या. त्यांना देवनागरीत नावं द्या, दोन-तीन रॉ फाइली सुधारा आणि तो फोल्डर पेनड्राइव्हवर टाकून दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. नावं आणि तारखा तिथे दिसायला हव्यात. रॉ फाइलींवरचे बदल दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये दिसणार नाहीत, ती भाषा प्रत्येकाची वेगळी असते. म्हणून आवडलेल्या फोटोंचा पूर्ण आकाराचा जेपीईजी त्याच फोल्डरमध्ये काढून ठेवा.