हेवी डिपॉझिटची खोली आणि आमचे साडेतीन लाख

2019 साली मानखुर्दला आमचे साडेतीन लाख गेले. सांगायची लाज वाटते, पण परवा जाऊबाई अशाच एका खोलीबद्दल विचारायला लागल्या, म्हणून लिहायला बसले.

आधी आम्ही गोवंडीत पत्र्याच्या खोलीत होतो. पाच हजार भाडं, दर अकरा महिन्यांनी पाचशेची वाढ. यजमान वॉचमन, मी चार घरच्या पोळ्या करते. वस्तीत सगळे ज्याला भाऊ म्हणायचे तो एजंट म्हणाला, "ताई, भाडं म्हणजे पाण्यात टाकलेला पैसा. हेवी डिपॉझिट भरा, तीन वर्षं बिनभाड्याचं राहा, सोडताना सगळे पैसे परत." हिशेब पटला. भिशीचे ऐंशी हजार, बचत गटाचे पन्नास, दिरांकडून लाख आणि माझं गंठण गहाण ठेवून एक लाख वीस.

खोली एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टीवाल्यांना सरकारी योजनेतून घरं दिलेल्या बिल्डिंगमध्ये, चौथा मजला, 269 चौरस फूट. संडास-मोरी आत. पोरगी पहिल्या दिवशी कडी लावून आंघोळीला गेली ती अर्धा तास बाहेरच येईना. त्या अर्ध्या तासावर मी भाळले, खरं सांगायचं तर.

मालक म्हणून भाऊनं आपलंच नाव सांगितलं आणि लाईट बिलाची झेरॉक्स दिली. नावाच्या वर-खाली बारीक काळी रेघ होती, वर चिठ्ठी चिकटवून झेरॉक्स काढली की उमटते तशी. ती मी पाहिली होती. मशीन खराब असेल म्हटलं. करार शंभरच्या स्टॅम्पवर, नोटरीचा शिक्का मारून. "अकरा महिन्यांच्या कराराला रजिस्टर लागत नाही, उगाच पंधरा हजार जातील," म्हणाला. कागदावर डिपॉझिट पन्नासच हजार लिहिलं, बाकी रोख. का, तर टॅक्सचं लफडं नको.

हे सगळं खोटं होतं. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. मुंबईत नोंदणी फी एक हजार. साडेतीन लाखांच्या डिपॉझिटवर वर्षाची स्टॅम्प ड्युटी शंभर रुपयांच्या आसपासच होते. नोंदणीला मालकाचं आधार आणि अंगठा लागतो. तिथेच त्याचं बिंग फुटलं असतं.

सातव्या महिन्यात एका रविवारी कुणीतरी बाहेरून कुलपात चावी फिरवायला लागलं. दार उघडलं तर एक गृहस्थ, बायको, दोन पोरं, टेम्पोत सामान. त्यांच्या हातात आमच्यासारखाच कागद. खोली नंबर तोच, नोटरी तोच, साक्षीदाराची सहीपण तीच. आठवडाभरात आणखी दोघं आले. भाऊचा फोन बंद.

खरा मालक गावाहून आला तेव्हा कळलं, भाऊ स्वतःच त्याचा सहा हजारांचा भाडेकरू, आणि पाच महिन्यांचं भाडं थकलेलं. तक्रार द्यायला चला म्हटलं तर मालक मागे सरकला. एसआरएची खोली मिळाली की दहा वर्षं विकता येत नाही, भाड्यानं देता येत नाही, असा तेव्हा नियम होता. त्याला ताबा मिळून सहाच वर्षं झालेली. बोलला असता तर त्याचीच खोली धोक्यात. भाऊनं खोली निवडली होती ती याच हिशेबानं. मालकाचं तोंड बंद, आणि आम्ही रोख दिलेले, म्हणून आमच्याही हातात पुरावा नाही.

पोलीस चौकीत आधी "हा दिवाणी मामला आहे" म्हणून परत पाठवलं. चौघं कागद घेऊन एकत्र गेलो तेव्हा 420 चा गुन्हा नोंदला गेला. केस अजून चालू आहे. तारखेला गेलं की त्या दिवशीच्या पोळ्या बुडतात. गंठण काही सुटलं नाही.

जाऊबाईंना हे सगळं सांगितलं. मालकाला घेऊन नोंदणीला चल म्हणावं त्या एजंटला, तयार नसेल तर एक रुपया देऊ नका, म्हटलं. त्या गप्प बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तसं नाही गं, पण नळ घरात आहे."