उंची पाच फूट एक, आणि पहिली मोटरसायकल

माझ्या भाचीला मोटरसायकल घ्यायची आहे. स्कूटर नको, गिअरचीच हवी, हे तिचं पक्कं आहे. घर सुदामानगरात आणि नोकरी विजयनगरला, म्हणजे रोज इंदूरच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन यायचं. उंची ५ फूट १ इंच, माझ्याएवढीच. तिच्या बाबांचं म्हणणं, "पाय पुरत नाहीत तर हट्ट कशाला?" आणि तिचा मला प्रश्न, "मावशी, तू कशी शिकलीस गं? मला कोणती जमेल?"

म्हणून गेले काही रविवार सकाळी लवकर आम्ही दोघी दसरा मैदानावर जातोय. ओळखीतल्यांच्या गाड्या मागून आणल्या, काही शोरूमच्या टेस्ट राइडला घेतल्या. शेवटी चार गाड्या उरल्या: हिरो स्प्लेंडर प्लस, टीव्हीएस रेडर १२५, बजाज ॲव्हेंजर स्ट्रीट १६० आणि रॉयल एनफिल्ड हंटर ३५०. या चारच का? कारण कमी उंचीच्या नवशिक्याला लोक फिरून फिरून हीच नावं सुचवतात, आणि प्रत्येक गाडी वेगळ्या कारणासाठी.

आधी घरच्या घरी एक माप घ्या. रोजचे बूट घालून भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, एक जाड पुस्तक मांड्यांच्या मध्ये घट्ट वर सरकवायचं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. भाचीचं भरलं ७१ सेंटीमीटर. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटरवर. साडेसात सेंटीमीटर कमी! तिचा चेहराच उतरला.

पण गाडीवर बसल्यावर चित्र बदलतं. आपल्या वजनाने सीटचा फोम आणि मागचे स्प्रिंग दबतात, आणि पाय सपाट ठेवायचा नसून चवडा टेकायचा असतो, त्यात बरीच लांबी मिळते. उलट सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि मिळालेलं सगळं परत जातं. त्यामुळे कंपनीने छापलेला सीटचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. सीट पुढच्या बाजूला, टाकीला लागून, किती निमुळती आहे ते हाताने चाचपून बघा. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही: पाय खाली सोडायचा तिथेच नेमका फूटरेस्ट असतो. तो पोटरीला अडतो, पाय त्याच्या बाहेरून किंवा पुढून न्यावा लागतो, आणि दोन-तीन सेंटीमीटर तिथे जातात.

आता गाड्या.

स्प्लेंडर प्लस. सीट ७८५ मिलिमीटर, वजन ११२ किलो, इंजिन ९७.२ सीसी. भाची बसली तेव्हा दोन्ही चवडे टेकले, टाचा वर राहिल्या. पण ११२ किलो म्हणजे काय, ते तिला मैदानात कळलं. वळवताना गाडी एका बाजूला कलली, तिने पाय रोवला, मांडीने ढकललं, गाडी सरळ झाली. घाबरायला वेळच मिळाला नाही. शिकणाऱ्याला हीच खात्री हवी असते. गिअर चार, आणि चारही पुढे दाबूनच पडतात. वर उचलायचं काम नाही. सुरुवातीला हे सोपं जातं, पण पुढे दुसरी गाडी घेतली की पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर, हे नव्याने अंगवळणी पाडावं लागतं. सीट लांब आणि सपाट असल्यामुळे ब्रेक मारला की आपण पुढे सरकतो. ते आमच्यासारख्यांच्या पथ्यावरच पडतं, कारण पुढेच ती निमुळती आहे. उणीव एकच. रिंग रोडवर मागून ट्रक येतो तेव्हा झटकन पुढे निघायला तिच्यात दम नाही.

रेडर १२५. सीट ७८० मिलिमीटर, वजन १२३ किलो, इंजिन १२४.८ सीसी, गिअर पाच. सीट दोन भागांची आहे आणि चालवणाऱ्याची बैठक खोलगट, टाकीजवळ चांगलीच बारीक. कागदावर स्प्लेंडरपेक्षा अर्धा सेंटीमीटरच कमी, पण बसल्यावर भाचीच्या टाचा जमिनीपासून जेमतेम बोटभर वर होत्या. जमिनीपासूनचं अंतर १८० मिलिमीटर, त्यामुळे कॉलनीतले उंच स्पीडब्रेकर पोटाला घासत नाहीत. या गाडीवर ती पहिल्यांदा तिसऱ्या गिअरपर्यंत गेली आणि परत येताना काही न बोलता नुसती हसत होती. एक सूचना: पुढे डिस्क ब्रेक असलेलंच मॉडेल घ्या, ड्रमवर पैसे वाचवू नका.

ॲव्हेंजर स्ट्रीट १६०. "बुटक्या लोकांनी ॲव्हेंजर घ्यावी," हे मी गेली कित्येक वर्षं ऐकते आहे. सीट ७३७ मिलिमीटर, इतरांपेक्षा साडेचार-पाच सेंटीमीटर खाली. दोन्ही पाय टाचेसकट सपाट टेकतात, आणि फूटरेस्ट पुढे असल्यामुळे पोटरीला अडत नाहीत. बसल्या बसल्या मन शांत होतं, यात शंका नाही. पण खरी अडचण चालवताना येते. वजन १५६ किलो आणि गाडी लांब. हात पुढे ताणावे लागतात, आणि हँडल पूर्ण वळवलं की बाहेरच्या बाजूची मूठ हातातून सुटायला लागते. मैदानात आठचा आकडा काढताना भाचीला तीनदा थांबावं लागलं; रेडरवर तिने तोच आकडा पहिल्या फटक्यात काढला होता. खजुरी बाजाराच्या किंवा सराफ्याच्या बोळांत रोज शिरणार असाल तर हे लक्षात घ्या. दुसरं म्हणजे पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला की उठून उभं राहता येत नाही, सगळा दणका कंबरेत बसतो. ज्यांना आधीपासून सायकल-स्कूटरचा तोल आहे आणि ज्यांचा रस्ता मोकळा, सरळ आहे, त्यांना ही गाडी खरंच सुख देईल. मांडूला जाणाऱ्या रस्त्यावर ती मला आवडली असती. भाचीच्या रोजच्या रस्त्याला नाही.

हंटर ३५०. तिच्या मनात खरं तर हीच होती. ३४९ सीसी, सीट ७९० मिलिमीटर, चाकं १७ इंची. रॉयल एनफिल्डच्या क्लासिकची सीट ८०५ मिलिमीटरवर आणि वजन १९५ किलो, त्यामुळे हंटर त्या मानाने आटोपशीर वाटते. २०२२ साली ती आली तेव्हापासून कमी उंचीच्या कितीतरी लोकांनी घेतली. चालत असताना ती इतकी स्थिर आहे की वजन विसरायला होतं. मात्र ते वजन १८१ किलो आहे, आणि गाडी थांबली की सगळंच्या सगळं आठवतं.

यावर थोडं थांबते, कारण मी स्वतः यातून गेले आहे.

शिकून दोन-तीन महिने झाले होते. ओळखीच्यांची अशीच एक जड गाडी घेऊन खंडवा रोडने निघाले होते. सिमरोलच्या अलीकडे समोर बस थांबली म्हणून मी डाव्या कडेला घेतली आणि थांबले. डावा पाय सवयीने खाली सोडला. तिथे डांबर संपलं होतं. चार बोटं खाली आपली मालव्याची काळी माती, आदल्या रात्रीच्या पावसाने मऊ झालेली. चवडा जमिनीला लागेपर्यंत गाडी कललेली होती, आणि लागला तेव्हा तो चिखलात सरकला. दोन्ही हातांनी हँडल ओढून धरलं, दात आवळले, पण गाडी सावकाश, अगदी सावकाश माझ्या पायावर उतरत गेली. घोटा पंधरा दिवस सुजलेला होता. माझी चूक एवढीच झाली की पाय कुठे पडणार ते थांबण्याआधी पाहिलं नाही. पण त्या जागी ११२ किलोची गाडी असती तर मी ती उभी धरली असती, हे मला आजही पक्कं माहीत आहे.

म्हणून मी भाचीला सीटच्या आकड्याआधी वजनाचा आकडा वाचायला सांगितला. चवड्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे जोर कमी असतो. सपाट पाय असलेला उंच माणूस १८० किलो सहज तोलतो. आपल्याला तेवढ्याच कलाला दीडपट धडपड करावी लागते. मागे घेणं तर त्याहून कठीण, कारण बसल्या बसल्या चवड्याने गाडी मागे ढकलता येत नाही. माझी पद्धत अशी: गाडी लावतानाच तोंड बाहेर करून लावते, आणि उतारावर तोंड खाली करून कधीच लावत नाही. तरी अडकलेच तर उतरून, कंबर टाकीला लावून मागे घेते. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

थांबायचंही एक तंत्र आहे, आणि ते आलं की उंचीचा निम्मा प्रश्न सुटतो. दोन्ही पाय टेकायचा आग्रह सोडा. थांबताना उजवा पाय मागच्या ब्रेकवरच ठेवायचा, बैठक किंचित डावीकडे सरकवायची आणि फक्त डावा पाय खाली घ्यायचा. एकच पाय टेकायचा असल्यावर तो सपाट टेकतो. चढावर तर हाच एक मार्ग आहे: मागचा ब्रेक धरलेला, क्लच हळूहळू सोडत हाफ क्लचवर गाडी ओढ घ्यायला लागली की मग ब्रेक सोडायचा. भेरूघाटात ट्रकांमागे थांबत-थांबत चढायची वेळ आली की याचं मोल कळतं. भाचीने हे मैदानाच्या कडेच्या छोट्या चढावर निदान चाळीस वेळा केलं. आधी स्प्लेंडरवर, मग रेडरवर, शेवटी हंटरवर. हंटरवर तिला जमलं, पण सहाव्या वेळेला हात थरथरायला लागले.

शोरूमबद्दल एक सांगावंसं वाटतं. एका ठिकाणी आम्हाला गाडी डबल स्टँडवर लावून "बसून बघा मॅडम" म्हणाले. डबल स्टँडवर मागचं चाक उचललेलं असतं, सीट वर जाते, स्प्रिंगही दबत नाही. त्यावरून काहीच कळत नाही. दुसऱ्या ठिकाणी गुळगुळीत फरशीवर साइड स्टँडला तिरकी. तिथे सगळ्यांचाच डावा पाय टेकतो! गाडी बाहेर रस्त्यावर काढायला सांगा, स्टँड काढून सरळ उभी करा, आपलेच रोजचे बूट घाला. टेस्ट राइड देत नसतील तर दुसरं दुकान बघा.

सीट कापून घ्यायचा सल्ला लगेच मिळेल. फोम दोन सेंटीमीटर कमी करणं स्वस्त आहे आणि जुना फोम जपून ठेवला तर परतही बदलता येतो, पण तासाभराच्या प्रवासाला सीटचा कडक तळ बोचायला लागतो. मी म्हणेन, आधी दोन महिने चालवा. मागचा शॉकअप सगळ्यात मऊ खाचेवर ठेवा, एकट्याने चालवणाऱ्या हलक्या माणसाला तेवढ्यानेही फरक जाणवतो. जाड सोलचे बूट घ्या. पुढचे फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दांडे, वर सरकवून गाडी खाली बसवणं वगैरे मात्र नको. गाडीचं वळण बिघडतं, आणि साइड स्टँड उंच पडून उभी केलेली गाडी उजवीकडे जाते.

ब्रेकच्या बाबतीत जड गाड्यांची बाजू मला मांडलीच पाहिजे. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. १२५ आणि त्याखालच्यांना तेव्हा निदान सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडाथोडा लागतो. ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक दाबला गेला तर एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. नवशिक्याच्या दृष्टीने हे मोठं आहे. ॲव्हेंजर आणि हंटर इथे पुढे आहेत आणि मी ते हलकं धरत नाही. म्हणूनच पावसाळाभर भाचीकडून ओल्या मैदानावर ब्रेक मारण्याचा सराव करून घ्यायचं ठरवलं आहे.

पैशांचं थोडक्यात. स्प्लेंडर साधारण हंटरच्या निम्म्यात येते. उरलेल्यात चांगलं आयएसआय हेल्मेट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट सगळं होतं. पहिली गाडी एकदा तरी पडतेच, आणि स्प्लेंडरचा इंडिकेटर किंवा क्लचची दांडी कोपऱ्यावरचा मेकॅनिकही बदलून देतो. परवाना मात्र गिअरच्या गाडीचाच हवा. बिनगिअरच्या परवान्यावर यातली एकही चालवता येत नाही.

तर माझं मत असं. सायकलशिवाय काहीच चालवलेलं नसेल, किंवा बजेट कमी असेल, तर स्प्लेंडर, डोळे मिटून. स्कूटरचा हात असेल आणि रोज १५-२० किलोमीटर शहरातून जायचं असेल तर रेडर. ॲव्हेंजर त्यांच्यासाठी, ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे किंवा पाय सपाट टेकल्याशिवाय धीरच येत नाही, आणि ज्यांच्या रस्त्यात बोळ नाहीत. हंटर वर्षभराने. "मला आत्ताच हवी," असं कोणी म्हणालं तर मी अडवणार नाही, पण आधी महिनाभर कुणाची तरी हलकी गाडी मागून घ्या आणि तिच्यावरच चुका करा.

भाचीने रेडर सांगितली आहे, डिस्कवाली. बाबा परवा मैदानावर आले होते. ती चढावर थांबली, एका पायावर, आणि शांतपणे निघाली, तेव्हा काहीच बोलले नाहीत, घरी आल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, "ते घोट्यापर्यंतचे बूट कुठे मिळतात?"