कॉलरला वडी की बादलीत भिजवण : मशीन लावण्यापूर्वीची निवड

शर्टाची कॉलर, शाळेच्या मोज्यांचे तळवे आणि जेवताना सांडलेला रस्सा यांचा निकाल मशीन लागण्याआधीच लावावा लागतो, मग मशीन कितीही चांगले असो. तो लावण्याचे दोन मार्ग घरोघरी दिसतात. एक म्हणजे डागापुरती साबणाची वडी घासायची. दुसरा म्हणजे व्हॅनिशसारख्या ऑक्सिजन पावडरीच्या पाण्यात कपडे बादलीत भिजत घालायचे. मी दोन्ही मार्ग पुरेसा काळ वापरले आहेत. माझे मत एका बाजूला झुकलेले असले तरी दुसरी बाजू कमकुवत आहे, असे मला म्हणायचे नाही.

भिजवणीचे खरे बळ चहा, कॉफी, जांभूळ, डाळिंब अशा डागांवर दिसते. या पावडरींमधल्या सोडियम परकार्बोनेटपासून पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा तयार होतो, आणि हे पेरॉक्साइड डागातला रंगच मोडून टाकते. वडी इथे उणी पडते. पांढऱ्या सुती सदऱ्यावरच्या चहाच्या डागावर ती कितीही घासली, तरी डागाची तपकिरी कडा बहुधा मागे राहते. मात्र पेरॉक्साइडला ऊब लागते. साधारण ४० अंश किंवा त्याहून गरम पाण्यात ते नीट काम करते आणि नळाच्या गार पाण्यात तेच काम रेंगाळते, त्यामुळे पावडरीला नावे ठेवण्यापूर्वी पाणी कोणते घेतले होते हे आठवून पाहावे. रक्ताचा डाग मात्र ऊन पाण्यात कधीच घालू नये. त्यातली प्रथिने गोठतात आणि डाग धाग्यात पक्का बसतो, म्हणून तो आधी गार पाण्यात धुऊन काढावा. रेशीम आणि लोकर यांना ही पावडर लावू नये.

कॉलरचा मामला वेगळा आहे. तिथला काळपटपणा म्हणजे त्वचेचे तेल, घाम आणि धूळ यांचा थर असतो आणि तो सुटायला साबणाइतकीच घासण्याचीही गरज असते. कॉलर ओली करून वडी फिरवावी, मऊ ब्रशने धाग्याच्या दिशेने घासावे आणि दहा-पंधरा मिनिटांनी शर्ट मशीनमध्ये टाकावा. लोणच्याच्या तेलालाही हेच लागू पडते. भिजवलेल्या कॉलरी मला नेहमी अर्ध्याच स्वच्छ झालेल्या दिसल्या आणि शेवटी त्यांच्यावर ब्रश फिरवावाच लागला.

पण माझा कौल ठरला तो बादलीमुळे. शहरातल्या फ्लॅटमध्ये मशीन बहुधा ड्राय बाल्कनीत असते आणि भिजवण बाथरूममध्ये. सकाळी पाणी येण्याच्या वेळेस, घरातल्या सगळ्यांना एकाच बाथरूममध्ये जायचे असताना, कपड्यांनी भरलेली बादली मोरीत ठाण मांडून बसलेली असते. तिला कोणी पायाने सरकवते, कोणी तिच्यात चुकून अंगाचा साबण पाडते. पुढे ते जड, निथळते कपडे पिळून स्वयंपाकघरातून बाल्कनीपर्यंत न्यायचे आणि मागे उमटलेली पाण्याची रेघ फडक्याने पुसत यायचे. त्यात एखादा नवा कुर्ता रंग सोडणारा निघाला, तर पांढऱ्या बनियनींचे पुढे काय होते हे वेगळे सांगायला नको. मशीन घेतले ते श्रम वाचवण्यासाठी, आणि अर्धे धुणे तर हातानेच होऊ लागले. ज्यांच्या घरी मोरीशेजारीच मशीन आहे, त्यांना ही तक्रार कदाचित किरकोळ वाटेल.

वडीचा दोष म्हणजे फेस. फ्रंट लोड मशीनमध्ये कमी फेसाची पावडर वापरायची असते, आणि चार-पाच कॉलरींवर सढळ हाताने घासलेली वडी तो हिशेब बिघडवते. फेस जास्त झाल्याचे कळले की काही मशीन आपणहून जास्तीचे खळबळणे सुरू करतात आणि वेळ लांबतो. घासलेला भाग नळाखाली एकदा धरला, की हा त्रास माझ्या अनुभवात जवळजवळ संपतो. गडद कपड्यांवर डिटर्जंट वडीतल्या भरणाचे पांढरट ओरखडे राहतात, म्हणून तिथे वडीऐवजी लिक्विड डिटर्जंटचे दोन थेंब बरे. बोअरच्या जड पाण्यात जुन्या पद्धतीचा साबण क्षारांशी जुळून चिकट साका धरतो. तिथे डिटर्जंट वडीच घ्यावी.

हीटर असलेल्या मशीनच्या मालकांनी तर बादलीचा विचार सोडायला हरकत नाही. कॉलरींना वडी लावावी, ऑक्सिजन पावडर नेहमीच्या पावडरीसोबत मशीनमध्येच घालावी आणि ४० अंशांचा लांब प्रोग्रॅम लावावा. चहाच्या डागांना लागणारी ऊब मशीनच देते. हीटर नसलेल्या टॉप लोडमध्ये मात्र पांढऱ्या सुती कपड्यांसाठी कोमट पाण्याची भिजवण अजूनही सरस ठरू शकते, आणि तेवढ्यापुरती ती मीही अधूनमधून करतो.

हळदीच्या डागावर वडी लावताच तो लाल होतो, त्याने घाबरू नये. साबणातल्या अल्कलीमुळे हळदीचा रंग तसा बदलतो. धुऊन कपडा कडक उन्हात वाळवला की उरलेला पिवळेपणाही उडत जातो. लोखंडाच्या गंजावर वडी किंवा पावडर दोन्ही चालत नाहीत, तिथे लिंबू आणि मीठ लावून पाहावे. काजूचा किंवा केळीचा चीक लागलेला शर्ट बागकामासाठी वेगळा काढून ठेवावा.